सहाचा निरोप

॥ श्री ॥
पोलादपूर, रविवार, १४ डिसेंबर २००८

चि. आमोद,

तुझं पत्र पोचलं. सव्वा वर्षाने तुझं अक्षर दिसलं, म्हणून पाकीट आधी देवापुढे ठेवलं आणि मग फोडलं. चार पानं आहेत आणि चारी डब्याबद्दल आहेत. तुझी तब्येत, जेवणखाण, बंगळूरची हवा, एक ओळ नाही. असू दे. डब्याबद्दल तर डब्याबद्दल.

मला काय समजलं ते लिहिते, चुकलं असेल तर कळव. माझ्या पापडाच्या डब्यात बसवून तू ओटीच्या भिंतीवर लावलास तो तळहाताएवढ्या एकाच पाटीचा संगणक. त्याच्या आत एक मूळ कारभारी असतो, त्याला कर्नेल म्हणतात. नदीतल्या नळीकडून पाण्याची उंची घ्यायची, रोज सकाळी सहाला तो आकडा तुझ्या मोबाइलवर कळवायचा, पाणी झपाट्याने चढलं तर खालच्या वाडीतला भोंगा वाजवायचा, ही सगळी कामं तो ज्याच्या त्याच्याकडून वेळेवर करून घेतो. पण हा जुना कारभारी चारशे सत्त्याण्णव दिवसांपर्यंतच मोजू शकतो. पुढे त्याची मोजणी शून्यावर येते, वेळेचा घोटाळा होतो आणि हाताखालच्यांना वाटतं की पाणी एका क्षणात चढलं.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरांवर मोजलं. जुनी कॅलेंडरं मी टाकत नाही हे बरं. तू डबा सुरू केलास तो शनिवार, १५ एप्रिल २००६. तिथून चारशे सत्त्याण्णवावा दिवस २५ ऑगस्ट २००७. आमोद, मी तीनदा मोजलं. नदी शांत असताना भोंगा वाजला तो हाच दिवस. वाडी सामान डोक्यावर घेऊन पावसात पळाली, म्हातारा मालोजी बांधावरून पडला, त्याचा पाय मोडला, आणि यांनी ग्रामसभेत तुला शेजारी उभं करून म्हटलं, "माझ्या मुलाचा डबा खोटा आहे. मी माफी मागतो." म्हणजे तुझं काही चुकलं नव्हतं. हे शोधायला तुला वर्ष लागलं, आणि ते वर्ष तू एकट्याने काढलंस.

जाताना तू म्हणाला होतास, "आई, ज्या दिवशी सहाचा निरोप बंद होईल त्या दिवशी समजेन, बाबांनी डबा भिंतीवरून काढला." काढलेला नाही. हे त्याच्याकडे बघत नाहीत, पण गेल्या पावसाळ्यात त्याच्यावर प्लास्टिक बांधलं ते मी नव्हे. आणि श्रावणात भोंगा खरा वाजला, वाडीने वेळेवर जनावरं वर आणली. तेव्हापासून वाडीचा त्याच्यावर भरवसा आहे. तेही मीच तुला कळवायला हवं होतं.

आता तू म्हणतोस की तीन जानेवारीला पुन्हा तेवढे दिवस भरतात, त्याआधी नवं कर्नेल घाल, पेन ड्राइव्ह कुरिअरने पाठवला आहे. कुरिअर अजून आलेलं नाही. आलं तरी जुन्या मॅट्रिकच्या बाईच्या हातून हे व्हायचं का, मला शंका आहे. असल्या कामाला ज्याचा हात त्याचाच बरा.

जप.
आई


॥ श्री ॥
पोलादपूर, मंगळवार, ६ जानेवारी २००९

चि. आमोद,

कुरिअर नाही. महाडला स्वतः जाऊन चौकशी केली. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मावशी, आलं असतं तर मी काय उशाला घेऊन झोपलो असतो?" मग बाजारातून तीळ घेऊन परत आले.

डबा ठीक आहे. सहाचा निरोप रोज मिळतोच आहे ना? मग काळजी करू नकोस.

तिळगूळ पोस्टाने पाठवते आहे. तू लहानपणी वड्यांपेक्षा पाकाच्या कढईला जास्त चिकटायचास. तिकडे तीळ मिळतात का ते लिही. हो, हा प्रश्न डब्याबद्दल नाही, हे मला ठाऊक आहे.

आई


॥ श्री ॥
पोलादपूर, शुक्रवार, १५ मे २००९

चि. आमोद,

पोस्टकार्ड मिळालं. "अठरा दिवस रोज १ सेंटीमीटर येतंय. नळीत काही अडकलं आहे का? बघून काढ." एवढंच लिहिलंस. बघितलं. काही अडकलेलं नाही. पाणी कमी आहे, दुसरं काही नाही.

तुझं दुसरं पाकीट पोचलं. पेन ड्राइव्ह आहे, सूचनांची दोन पानं आहेत. घालीन. अक्षय्य तृतीयेला घालणार होते, पण त्या दिवशी पाहुणे होते. शिवाय तूच लिहितोस की काम अर्ध्यावर असताना वीज गेली तर डब्याचा दगड होतो. आमच्याकडे भारनियमन कसं आहे ते तुला माहीत आहे. स्कूटरची बॅटरी जोडलेली आहे खरी, पण तिची तारही ढिली झाली आहे. जाणत्या माणसाने एकदा हात लावलेला बरा. पावसाआधी जमलं तर बघ. नाही जमलं तर मी घालीन.

यंदा फणसाला चांगले गरे आले आहेत. हे जेवताना गऱ्यांचा वाटा तीन ठिकाणी करतात आणि मग तिसरा उचलून आतल्या ताटलीत ठेवतात. मी विचारत नाही.

आई


॥ श्री ॥
पोलादपूर, शुक्रवार, २४ जुलै २००९

आमोद,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. मध्येच फाडू नकोस.

बुधवारी सूर्यग्रहण होतं. सकाळी सहाच्या सुमाराला स्पर्श, साडेसातपर्यंत मोक्ष. ग्रहणात आपल्याकडे कोणी घराबाहेर पडत नाही, नदीवर तर नाहीच. वाडीतही तसंच. मी पाटावर जपाला बसले होते. आदल्या दिवसापासून महाबळेश्वरच्या अंगाला कोसळत होता, ते सगळं पाणी त्याच दीड तासात खाली आलं. वाडीची दारं बंद. बघायला बाहेर कोणी नाही. आणि भोंगा वाजला नाही.

पाणी ठकूबाईच्या गोठ्यात शिरलं. तिने जनावरांचा ओरडा ऐकून दार उघडलं तेव्हा गाय दावं तोडून वर निघाली होती, पण पाडी खुंट्याला होती. ठकूबाई सोडवायला गेली तेव्हा पाणी तिच्या छातीला लागत होतं. तिच्या पुतण्याने तिला केसांना धरून ओढली म्हणून ती आहे. पाडी गेली.

नवाच्या सुमाराला वाडीची पंधरा-वीस माणसं आपल्या ओटीवर आली. ठकूबाई ओल्या लुगड्यानेच आली. म्हणाली, "गुरुजी, भोंगा का नाय वाजला? आमी त्याच्या भरवशावर दारं लावून बसलो गो, वैनी."

हे डब्याकडे बघत म्हणाले, "मी दोन वर्षांपूर्वी भर सभेत सांगितलं होतं. डबा खोटा आहे. तुम्हीच पुन्हा त्याच्या नादी लागलात."

आमोद, मी गप्प बसले असते तर दोष पुन्हा तुझ्या नावावर गेला असता. मी उंबऱ्यात उभी होते. बाहेर आले आणि म्हटलं, "डबा खोटा नाही. खोटी मी आहे."

आता तुला सांगते ते असं.

तुझं पहिलं पाकीट डिसेंबरातच आलं होतं. तुला पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी. मी ते देवघराच्या खणात ठेवलं आणि आलं नाही असं लिहिलं. महाडला गेले होते ते तिळासाठी. कुरिअरवाल्याचं बोलणं मी मनाने रचलं. मला वाटलं, पाकीट पोचत नाही म्हटल्यावर तू स्वतः घेऊन येशील.

तीन जानेवारीला सहाचा निरोप गेला आणि थोड्या वेळाने डब्याचा हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला. या वेळी भोंगा वाजला नाही, डबा नुसता गप्प झाला. तू लिहिलं होतंस की असं झालं तर बटण एकदा बंद-चालू करायचं, म्हणजे आणखी तितकेच दिवस चालेल. एवढंच करायचं होतं. त्या दिवशी करणार होते. पण माझ्या हातून डबा उठला नाही आणि दुसऱ्या दिवशी सहाला तुझा फोन वाजला नाही तर तू काय समजशील, या भीतीने आधी डब्यातलं सिम काढून यांच्या जुन्या मोबाइलमध्ये घातलं, नदीवर जाऊन तू रंगवलेल्या पट्टीवरचा आकडा वाचला आणि सहाच्या ठोक्याला पाठवला.

पाठवल्यावर तिथेच दगडावर बसले. बंगळूरला आत्ता कुठेतरी तुझ्या उशाशी फोन थरथरला असेल, तू डोळे चोळत बघितलं असशील. सव्वा वर्षात पहिल्यांदा मी तुला काही पाठवलं आणि ते त्याच क्षणी तुझ्यापर्यंत पोचलं. दुसऱ्या दिवशी म्हटलं, आजचा एक दिवस. मग तिसऱ्या दिवशी. बटण मी दाबलं नाही, आमोद. रोज फुलं आणायला म्हणून पावणेसहाला निघायचे. यांनाही तेच वाटायचं.

उन्हाळ्यातला तो १ माझाच. नदी तिथे कोरडी पडली होती, डब्याने शून्य कळवलं असतं. माझं बोट शून्यावर जाईना. घरातले तांदूळ सरले तरी आपण 'वाढले' म्हणतो, आणि मुलाला घरून रोज सकाळी शून्य कसं पाठवू? नळीत काही अडकलं नव्हतं.

पावसाआधी बटण दाबायचं असं ठरवलं होतं. मग म्हटलं, जोर धरेपर्यंत. मग जोर धरला तेव्हा दिवसातून चारदा नदीवर जाऊ लागले आणि मनाशी म्हणू लागले की डब्याहून मी जास्त जपते. ग्रहणाच्या आदल्या संध्याकाळी मी वहीत दुसऱ्या दिवसाचा आकडा आधीच लिहून ठेवला. एकशे चाळीस. संसाराच्या वहीत मी आजवर घडायच्या आधी नोंद केलेली नाही. पहाटे स्पर्शाच्या आधी घरातूनच तो पाठवला आणि जपाला बसले. तुला मिळालेला तो एकशे चाळीस कोणी पाहिलेलाच नव्हता.

हे सगळं ओटीवर उभं राहून सांगितलं. मालोजी काठी टेकत पुढे आला. "मंग माझा पाय बी वैनींनीच मोडला काय?" दोन-चार जण हसले. ठकूबाई हसली नाही. उठली, पदर पिळला आणि चालू लागली.

सगळे गेल्यावर यांनी एवढंच विचारलं, "किती दिवस?"

"दोनशे."

हे आत जाऊन पडले. मी सिम काढून डब्यात घातलं आणि बटण बंद करून चालू केलं. दोन मिनिटांत दिवा लुकलुकायला लागला. इतकं सोपं होतं ते. दुपारी वाडीत दवंडी दिली की भोंगा चालू आहे. कालचा आणि आजचा निरोप डब्याचा आहे, माझा नाही. तुला फरक कळला असेल का, असं उगाच मनात आलं.

दोनशे दिवसांचे आकडे वहीतून उतरवून सोबत जोडले आहेत. शेवटच्या आकड्यावर काट मारली आहे.

आई


॥ श्री ॥
पोलादपूर, रविवार, २ ऑगस्ट २००९

चि. आमोद,

उत्तर आलेलं नाही. त्याची वाट न बघता लिहिते, कारण नवं कर्नेल घातलं.

ग्रहणाच्या दिवसापासून हे माझ्याशी बोलत नव्हते. गुरुवारी सकाळी पूजा आटोपून मी तुझा जुना संगणक ओटीवर आणला, केबल जोडली आणि तुझी पानं घेऊन बसले. इंग्रजी अक्षरं मला वाचता येतात, पण पानावर बघून मग बटण शोधेपर्यंत ओळ हरवते. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा मागून आवाज आला, "आण इकडे. मी सांगतो, तू लिही."

मग शाळेत शुद्धलेखन घालायचे तसं सुरू झालं.

"सी. पी. मग जागा सोड."

"किती?"

"एक. जागा म्हणजे काय एकर सोडायची आहे?"

आधी जुन्या कर्नेलला दुसरं नाव देऊन बाजूला ठेवलं. तू खाली रेघ मारून लिहिलं होतंस, जुनं पुसू नका, नवं उठलं नाही तर त्यालाच उठवायचं आहे. मग नवं उतरवून घेतलं. पुढची सूचना, दोन्हीकडचा आकार जुळतो का ते बघा. मी पेन ड्राइव्हवरचा आकडा वहीत लिहिला, त्याखाली डब्यातला लिहिला. सात-सात आकडी. डब्यातला कमी भरत होता.

हे म्हणाले, "थोडाच कमी आहे. चालेल."

"ताळा जुळल्याशिवाय मी पुढे जाणार नाही."

"अगं, आख्ख्या कारभारात एवढंसं..."

"एवढंसंच ग्रहणाच्या दिवशी राहिलं होतं," मी म्हटलं. यांनी पेन ड्राइव्ह काढून पुसला, घट्ट बसवला, पुन्हा उतरवलं. आकडा शेवटच्या अंकापर्यंत जुळला. तेव्हाच पुढे गेलो.

शेवटची सूचना डबा पुन्हा सुरू करण्याची. मी बटण दाबलं, पडद्यावर ओळी धावायला लागल्या आणि त्याच क्षणी वीज गेली. वेळापत्रकात नव्हतं. संगणकाचा पडदा काळा. डबा बॅटरीवर, आणि बॅटरीची तार ढिली. यांनी धाव घेऊन ती तार अंगठ्याने दाबून धरली. डब्याचा दिवाही विझलेला. नवं उठतंय की दगड झालाय, बघायला काही साधन नाही. मी रामरक्षा सुरू केली. हे तार धरून भिंतीला तोंड करून उभे. समोर तुझी डिसेंबरची चार पानं पडली होती, मी संदर्भाला काढली होती. उभ्या उभ्या यांनी ती वाचायला घेतली.

दिवा लागला. एकदा, दोनदा, आणि मग लुकलुकायला लागला. यांना दिसलाच नाही. हे २५ ऑगस्टच्या परिच्छेदावर होते.

"हे त्याने केव्हा लिहिलं?"

"डिसेंबरात."

"आणि तू मला आता दाखवतेस?"

"तुम्ही म्हणाला होतात, त्याचं नाव या घरात काढायचं नाही."

"मी म्हणालो होतो," हे म्हणाले. दिवा लागून गेला होता, तरी अंगठा तारेवरच होता. मी हात धरून काढला.

वीज आल्यावर तपासून पाहिलं. डबा आता नव्या कर्नेलचा क्रमांक २.६ दाखवतो आहे, तू लिहिलंस तसं. बॅटरीची तार यांनी स्वतः आवळली.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत हे बोलणार आहेत. काय बोलणार ते सांगितलं नाही. कागदावर लिहितात आणि खोडतात. एक कागद मी केरात बघितला, त्यावर "माझ्या मुलाने" एवढंच होतं.

काल दोघं ठकूबाईकडे जाऊन आलो. कापडे गावच्या दत्ताराम भावजींच्या गोठ्यातली एक पाडी यांनी मागून घेतली, ती तिला दिली. म्हणाली, "पाडी घेते. माफीचं मंग बगू." रागावण्याचा तिला हक्क आहे. चहा मात्र दिला. आम्ही निघालो तेव्हा मला दारात थांबवून म्हणाली, "वैनी, एक इचारू? तुमी पोराला 'ये' असं कदी बोलल्या?"

मी म्हटलं, "तसं सरळ नाही."

"दोनशे दिस नदीवर गेल्या, पर त्येवडं नाय बोलल्या." कपाळाला हात लावला. "माझा जानू मुंबईला हाय. मी फोनवर सांगते, ये रे मेल्या, तुला बगावंसं वाटतंय. येतो तर येतो, नाय तर नाय येत. पर आय बोलावते हाय, हे त्याला कळतं तरी."

घरी येऊन मी तुला धाडलेली सगळी पत्रं मनात फिरवून पाहिली. कुरिअर येत नाही. माझ्या हातून व्हायचं नाही. ढिल्या तारेला जाणत्याचा हात हवा. प्रत्येकात एक काम पुढे केलं होतं आणि त्याच्यामागे मी उभी होते.

म्हणून आज नीट लिहिते. डबा उत्तम चालला आहे, त्याचं काही अडलेलं नाही. माझी तब्येत बरी आहे, यांचीही. घरात कार्य नाही, कसल्या कागदावर तुझी सही नको. इथे तुझं काहीही काम नाही.

तू ये.

आई